निरोप पोचतो तिथून पुढे

पोर्तो रिकोच्या डोंगराळ भागात अरेसिबो नावाची एक प्रचंड रेडिओ दुर्बीण होती. तिची तबकडी ३०५ मीटर व्यासाची. १९९९ साली या दुर्बिणीने टिपलेले आकाशातले संकेत चुंबकीय फितींवर नोंदले जात आणि त्या फिती खोक्यात भरून चक्क टपालाने कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाकडे रवाना होत. एका फितीत ३५ गिगाबाइट मावत. एवढा डेटा वाहून नेण्याइतकी इंटरनेटची जोडणी अरेसिबोला त्या काळी नव्हती. बर्कलीला या नोंदींचे बारीक तुकडे पाडले जात. एक तुकडा साधारण एक तृतीयांश मेगाबाइटचा, म्हणजे एका अरुंद पट्ट्यातल्या १०७ सेकंदांच्या रेडिओलहरींचा. हे तुकडे जगभरच्या सामान्य माणसांच्या घरातल्या संगणकांना वाटले जात. मालक जेवायला उठला आणि पडद्यावर स्क्रीनसेव्हर आला, की संगणक आपल्या वाट्याचा तुकडा तपासायला घेई: निसर्ग सहसा काढत नाही असा एखादा स्वर यात आहे का? तपासणी संपली की निकाल बर्कलीला जाई आणि नवा तुकडा येई.

'सेटी ॲट होम' असं या प्रकल्पाचं नाव. १७ मे १९९९ रोजी तो लोकांसाठी खुला झाला आणि ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे वाटणं थांबलं. मधल्या काळात ५० लाखांहून अधिक लोकांनी आपले संगणक या कामाला लावले. परग्रहावरची हाक काही सापडली नाही. मात्र एकच मोठं गणित लाखो अनोळखी यंत्रांत वाटून सोडवता येतं, हे सगळ्या जगाने पाहिलं. डिस्ट्रिब्युटेड कंप्युटिंग, म्हणजे वितरित संगणन, याचं इतकं भव्य आणि इतकं लोकांचं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आता यात नेटवर्क किती होतं ते बघा. डेटाच्या प्रवासातला सगळ्यात जाड टप्पा पोस्टाच्या गाडीने पार पडत होता. घरोघरचे बहुतेक संगणक त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमने जोडले जात, तेही दिवसातून थोडा वेळ. तुकडा उतरवून घेतला की जोडणी तोडली तरी चाले, काम पुढे सुरूच राही. उलट, आपल्या कुठल्याही कचेरीत वीस संगणक एका स्विचला जोडलेले असतात, त्यांच्यातली केबल उत्तम असते, सगळे एकाच प्रिंटरवर छापतात, आणि तरीही त्यांच्यात वितरित संगणन म्हणावं असं काहीच चाललेलं नसतं. प्रत्येक जण आपापलं काम करतो.

इंजिनिअरिंगच्या परीक्षेत 'नेटवर्क आणि वितरित संगणन यांतला फरक स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी दोन रकाने आखून पाच-सहा मुद्दे लिहितात. गुण मिळतात, पण विषयाचा गाभा त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेत हरवतो. नेटवर्कसमोरचा प्रश्न असा: निरोप इथून तिथे कसा पोचवायचा? वितरित संगणनाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: निरोप पोचेल, उशिरा पोचेल, कदाचित पोचणारच नाही, एखादे वेळी दोनदा पोचेल, मग अनेक यंत्रांनी मिळून एकच काम चोख कसं करायचं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं गेल्या साठ वर्षांत फार चांगली सापडली आहेत. दुसऱ्याची काही उत्तरं अशी आहेत की ती मिळूच शकत नाहीत, हे गणिताने सिद्ध झालं आहे. मला हा सगळा विषय मोहवतो तो त्यामुळेच.

वचन किती आणि कुठपर्यंत

१९६६ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या रॉबर्ट टेलर यांच्या कचेरीत तीन टर्मिनल होती. एक सांता मोनिकातल्या संगणकाशी बोलायला, दुसरं बर्कलीतल्या आणि तिसरं एमआयटीतल्या. तिन्हींची आत शिरण्याची रीत निराळी, आज्ञाही निराळ्या. एकाच टर्मिनलवरून हव्या त्या संगणकाकडे जाता का येऊ नये, या त्यांच्या साध्या, रास्त तक्रारीतून अर्पानेट उभं राहिलं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकावर लॉगिन करण्याचा पहिला प्रयत्न झाला. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. वर्ष संपेपर्यंत चार ठिकाणं जोडली गेली होती.

त्या रात्री नेमकं काय साधलं? एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणचा संगणक वापरू लागला. पण आपण कुठल्या संगणकावर आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. ते माहीत असणं हीच तर अट होती. दोन संगणक जोडले गेले, एक झाले नाहीत. नेटवर्कची पाठ्यपुस्तकं लिहून कित्येक पिढ्यांना शिकवणाऱ्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी हाच धागा पकडला आहे. नेटवर्कमध्ये वापरणाऱ्याला यंत्रं वेगवेगळी दिसतात. वितरित व्यवस्थेत यंत्रं कितीही असोत, वापरणाऱ्यासमोर एकच सुसंगत व्यवस्था उभी राहते.

नेटवर्कचं वचन पुढे खूप बळकट झालं. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी हा नियमसंच घडला आणि १ जानेवारी १९८३ पासून सगळं अर्पानेट त्यावर चालू लागलं. टीसीपी सांगतं: जोडणी टिकून आहे तोवर तुमचे बाइट गाळले जाणार नाहीत, दुबार येणार नाहीत आणि ज्या क्रमाने सोडले त्याच क्रमाने हाती पडतील. हे वचन मोठंच आहे. मात्र ते बाइटांविषयी आहे, कामाविषयी नाही. जोडणी मध्येच तुटली, तर जोडणी तुटली एवढंच टीसीपी तुम्हाला सांगतं. तुमचा शेवटचा आदेश पलीकडे अमलात आला होता की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या एमआयटीच्या तिघांनी लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात यावरचा अंगावर काटा आणणारा किस्सा आहे. एमआयटीत अनेक स्थानिक जाळी गेटवे संगणकांनी जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर चेकसमने तपासणी होई: तारेतून जाताना डेटा बिघडला तर लगेच कळावं म्हणून. तपासणी चोख आहे म्हणून लोक निर्धास्त राहिले. एका गेटवेत मात्र बिघाड झाला. आलेला डेटा आतल्या आत एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवताना दर दहा लाख बाइटांमागे साधारण एक जोडी तो उलटसुलट करी. तारेत सगळं शुद्ध, चूक गेटवेच्या पोटात. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली त्याच गेटवेतून पुन्हापुन्हा ये-जा करत राहिल्या आणि हळूहळू नासत गेल्या. शेवटी जुन्या छापील प्रती समोर ठेवून माणसांनी हाताने ओळी जुळवल्या. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावरची तपासणी बरोबर निघाली, तरी पूर्ण काम बरोबर झालं असं होत नाही. खातरजमा दोन टोकांनाच करावी लागते, हा त्या निबंधाचा निष्कर्ष. नेटवर्कची जबाबदारी कुठे संपते ते यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

एक बर्थ, पाच केंद्रं

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर रेल्वे आरक्षणाचं घ्यावं. संगणकावर आरक्षणाची सुरुवात १९८५ साली नवी दिल्लीत झाली. नंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही केंद्रं उभी राहिली. पण सुरुवातीला प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांचा हिशेब ठेवणारा स्वतंत्र संगणक होता. संगणक येण्याआधी तर परतीच्या बर्थसाठी एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली तयार केली आणि १९९९ च्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रं तिच्याखाली एकत्र आली. तेव्हापासून मुंबईच्या खिडकीवर उभं राहून चेन्नईहून हावड्याला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढता येऊ लागलं. बर्थची नोंद देशातल्या कुठल्या संगणकात आहे, हे प्रवाशाला विचारावं लागत नाही.

केंद्रांमधल्या तारा टाकणं हे नेटवर्कचं काम. ते सोपं नव्हतंच. पण तारा जोडल्यावर खरी अडचण समोर येते. समजा, एका डब्यात एकच बर्थ उरला आहे आणि तो सोलापूरच्या खिडकीवर आणि जबलपूरच्या खिडकीवर एकाच क्षणी मागितला गेला. दोघांनाही 'उपलब्ध' दिसतो. दोघांनाही दिला, तर रात्री अकरा वाजता गाडीत भांडण. यावरचा कॉन्सर्टचा मार्ग शहाणपणाचा आहे: प्रत्येक गाडीची मालकी एकाच केंद्राकडे. मागणी कुठूनही येवो, ती मालक केंद्राकडे जाते, तिथे एकामागून एक रांगेत लागते आणि पहिलीला बर्थ मिळतो. वाद मिटवणारा एकच आहे, म्हणून वाद होत नाही.

या निवडीची किंमतही आहे. मालक केंद्राशी संपर्क तुटला तर त्याच्या गाड्यांचं आरक्षण बाकीच्या ठिकाणांहून अडतं, इतर गाड्यांचं चालू राहतं. दुसरा मार्ग असा: प्रत्येक केंद्राकडे सगळ्याच गाड्यांच्या नोंदींची प्रत ठेवायची आणि संपर्क तुटला तरी तिकिटं देत राहायचं. मग खिडक्या बंद पडणार नाहीत, पण एकच बर्थ दोघांना विकला जाण्याचा धोका पत्करावा लागेल. एरिक ब्रुअर यांनी २०००  साली नेमका हाच पेच मांडला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली तो सिद्ध केला: जाळं दुभंगलेलं असताना, सर्वत्र एकच सत्य दिसणं आणि प्रत्येक मागणीला उत्तर मिळणं, या दोहोंपैकी एकाला मुरड घालावीच लागते. नेटवर्क अभियंता म्हणेल, 'तार दुरुस्त करतो.' वितरित व्यवस्था रचणाऱ्याला मात्र, ती दुरुस्त होईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत माझी यंत्रं काय करतील, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

शांततेचा अर्थ

वितरित संगणनातली सगळ्यात मूलभूत अडचण एका वाक्यात सांगता येते. समोरून उत्तर आलं नाही, तर समोरचा मेला आहे की फक्त उशीर करतोय, हे कळायला मार्ग नाही. एकाच संगणकाच्या पोटात हा प्रश्न नसतो. तिथे बिघाड झाला तर सगळंच थांबतं, अर्धं जिवंत आणि अर्धं मेलेलं असं सहसा राहत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्यात ६४ ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवतच गणित करत. पण ते एका छपराखाली, एका वीजजोडणीवर, एकाच चमूच्या देखरेखीत होते. दूरदूरच्या, वेगवेगळ्या मालकांच्या यंत्रांना ही सोय नाही.

ही अडचण आज भाजीच्या गाडीपर्यंत आली आहे. आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो, चक्र फिरत राहतं आणि पडद्यावर 'पेंडिंग' येतं. आपल्या खात्यातून पैसे कट झाल्याचा मेसेज येतो आणि भाजीवाले काका म्हणतात, "ताई, माझ्याकडे आवाज नाही आला." दोघंही खरं बोलत असतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या संस्थेने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआयमध्ये एका व्यवहारात किमान चार घटक गुंतलेले असतात: आपलं ॲप, आपली बँक, समोरच्याची बँक आणि मधला एनपीसीआयचा स्विच. स्विच आपल्या बँकेला सांगतो, पैसे वजा कर. होकार येतो. मग समोरच्या बँकेला सांगतो, पैसे जमा कर. इथे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर काय समजायचं? कदाचित आदेशच पोचला नसेल. कदाचित पैसे जमा झाले असतील आणि 'झाले' हा निरोप वाटेत हरवला असेल. बाहेरून दोन्ही परिस्थिती तंतोतंत सारख्या दिसतात. अशा व्यवहाराला यूपीआयच्या परिभाषेत 'डीम्ड', म्हणजे झाला असं तूर्त गृहीत धरलेला, म्हणतात आणि मग नंतरच्या ताळमेळात खरं काय ते ठरतं.

असं वाटेल की आणखी एक पोच मागितली की प्रश्न सुटेल. सुटत नाही, आणि का सुटत नाही याचा पुरावा इतका सुंदर आहे की तो इथे द्यायलाच हवा. हा प्रश्न १९७५ च्या एका शोधनिबंधात प्रथम आला आणि जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याला दोन सेनापतींच्या गोष्टीचं रूप दिलं. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत, मधल्या खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकदम हल्ला केला तरच विजय, एकट्याने केला तर सर्वनाश. निरोप नेणारा जासूद खोऱ्यातून जाणार आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती कळवतो, 'पहाटे हल्ला.' निरोप पोचला की नाही हे कळल्याशिवाय तो निघणार नाही, म्हणून दुसरा पोच पाठवतो. पण आपली पोच मिळाली का, हे दुसऱ्याला कळायला हवं, म्हणून पोचेची पोच. किती निरोपांनंतर दोघं निश्चिंत होतील? समजा, असा ठराविक निरोपांचा एखादा क्रम आहे आणि तो शक्य तितका छोटा आहे. त्यातला शेवटचा निरोप हरवू शकतो. तो पाठवणाऱ्याला हे माहीत आहे, आणि तरीही तो हल्ला करणारच आहे, कारण त्याला यापुढे काही कळणार नाही. म्हणजे तो निरोप पोचला काय, न पोचला काय, योजना चाललीच पाहिजे. मग त्याची गरजच नव्हती. तो वगळला तर आणखी छोटा क्रम मिळतो, आणि सगळ्यात छोटा क्रम तर आपण आधीच घेतला होता. विसंगती. असा क्रम अस्तित्वातच नाही.

तार सोन्याची करा, जासूद हजार पाठवा. निरोप हरवण्याची किंचितही शक्यता उरली तर दोघांची पूर्ण खात्री होत नाही. म्हणून व्यवहारात खात्रीच्या जागी दोन गोष्टी येतात. पहिली तांत्रिक: प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक द्यायचा आणि तोच आदेश पुन्हा आला तर पुन्हा अमलात न आणता आधीचंच उत्तर परत द्यायचं. मग शंका आली की बिनधास्त पुन्हा विचारता येतं, पैसे दोनदा कापले जात नाहीत. दुसरी गोष्ट कायद्याची. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिलं की यूपीआयने पैसे पाठवताना खात्यातून वजा झाले पण समोरच्याला जमा झाले नाहीत, तर जास्तीत जास्त व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. गणिताला जे अशक्य आहे तिथे समाजाने एक मुदत आणि एक दंड आणून बसवला, ही मला या व्यवस्थेतली अतिशय समंजस गोष्ट वाटते.

आधी काय घडलं?

बर्थच्या गोष्टीत आपण सहज म्हणून गेलो, 'पहिलीला बर्थ'. मालक एक असेल तर पहिली कोण हे ठरवणं सोपं आहे. पण दोन दूरच्या यंत्रांवर दोन घटना घडल्या, तर आधीची कुठली? घड्याळ बघून सांगावं म्हटलं तर संगणकातलं साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एखादा सेकंद इकडेतिकडे होऊ शकतं, आणि सेकंदभरात हजारो व्यवहार होऊन जातात. मध्यवर्ती घड्याळाला विचारावं, तर विचारणा जाऊन उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकलेली. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायला, तार अगदी सरळ टाकली तरी, सव्वाशे मिलिसेकंद लागतीलच.

१९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या प्रश्नाकडे वेगळ्याच बाजूने पाहिलं. त्यांना सापेक्षतेचा सिद्धांत चांगला ठाऊक होता: दूर असलेल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, याला प्रत्येक वेळी अर्थ असतोच असं नाही. अर्थ असतो तो एका घटनेचा दुसरीवर परिणाम होऊ शकत असेल तेव्हा. पत्राचं उत्तर आलं, तर ते पत्र वाचल्यानंतरच लिहिलेलं असणार, मग लिहिणाऱ्याच्या भिंतीवरचं घड्याळ काहीही दाखवो. म्हणून लॅम्पोर्ट म्हणतात, घड्याळ सोडा, मोजा. प्रत्येक यंत्राने एक आकडा ठेवायचा आणि काही घडलं की तो एकाने वाढवायचा. निरोपासोबत तो आकडा पाठवायचा. निरोप मिळाला की आपला आकडा आणि आलेला आकडा यांतला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. बस्स. कारण आणि परिणाम यांचा क्रम या आकड्यांत कधीही उलटा होत नाही. इतकी लहान कृती आणि इतकी दूरवर पोचलेली! २०१३ चं ट्यूरिंग पारितोषिक लॅम्पोर्ट यांना मिळालं, त्यामागच्या कामात या निबंधाचा वाटा मोठा आहे.

गूगलने २०१२ साली जाहीर केलेल्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये खऱ्या घड्याळांकडे परतण्याचं धाडस केलं, पण मोठ्या नम्रपणे. त्यांच्या प्रत्येक डेटा सेंटरमध्ये जीपीएसचे रिसीव्हर आणि अणुघड्याळं बसवलेली असतात, आणि तरीही तिथलं घड्याळ एक नेमकी वेळ सांगत नाही. ते सांगतं: आत्ताची वेळ या क्षणाच्या आणि त्या क्षणाच्या दरम्यान कुठेतरी आहे. ही फट काही मिलिसेकंदांची असते. व्यवहार पक्का करण्याआधी यंत्रणा ती फट सरेपर्यंत थांबते आणि मगच 'झालं' म्हणते. आपल्याला किती माहीत नाही, याचं नेमकं मोजमाप जवळ ठेवून त्याच्या आधाराने निर्णय घ्यायचा, ही दृष्टी मला संगणकाच्या बाहेरही फार मोलाची वाटते.

क्रमानंतर एकमत. पाच यंत्रांनी एकाच उत्तरावर यावं, मग एखाददुसरं यंत्र मधेच बंद पडलं तरी चालेल. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन यांनी १९८५ साली सिद्ध केलं की निरोपांना कितीही उशीर होऊ शकत असेल आणि एक जरी यंत्र मरू शकत असेल, तर ठरावीक वाटेने जाणारी कुठलीही पद्धत एकमतापर्यंत पोचेलच, अशी हमी देता येत नाही. निरोप एकही हरवत नाही असं धरलं तरीही! म्हणजे जाळं निर्दोष असूनही एकमत अडू शकतं. नेटवर्क आणि वितरित संगणन यांतला फरक दाखवणारा एकच निकाल निवडायचा झाला, तर मी हा निवडेन.

तरीही रोज एकमत होतं. लॅम्पोर्ट यांनी १९९० साली एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या संसदेची कहाणी रचून पॅक्सोस ही पद्धत लिहिली; संपादकांच्या ती पचनी पडली नाही आणि १९९८ साली कुठे ती छापून आली. तिच्या मुळाशी बहुमताचं साधं गणित आहे: पाचांपैकी कुठलेही तीन घ्या आणि पुन्हा कुठलेही तीन घ्या, दोन्ही गटांत किमान एक सभासद समान असतोच. आधीचा निर्णय लक्षात असलेला कोणीतरी नव्या बहुमतात नेहमी बसलेला असतो, त्यामुळे दोन परस्परविरोधी निर्णय कधीच मंजूर होत नाहीत. निर्णयाला उशीर होऊ शकतो, पण तो चुकत नाही.

हे सगळं यंत्रं प्रामाणिक आहेत असं धरून. सेटी ॲट होमच्या लोकांना तीही सोय नव्हती. काही उत्साही मंडळी आपल्या नावावर जास्त काम लागावं म्हणून खोटे निकाल पाठवत. म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक घरांना दिला जाई आणि निकाल जुळले तरच धरले जात.

जाळ्याच्या पोटात

इथवर मी दोन्ही विषय दोन बाजूंना ठेवले. खरं तर सीमारेषा नेटवर्कच्या पोटातूनच जाते. पॅकेट कुठल्या वाटेने जावं हे कोण ठरवतं? वाटेवरचे राउटरच एकमेकांना कळवून ठरवतात. म्हणजे नेटवर्क चालवणं हेच एक वितरित गणित आहे, आणि ते चुकलं तर काय होतं याची नोंद अर्पानेटच्या इतिहासात आहे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी सगळं अर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. तार एकही तुटली नव्हती. अर्पानेटचे राउटर, ज्यांना आयएमपी म्हणत, आपल्या शेजारच्या जोडण्यांची खबर सर्वांना कळवत, आणि जुनी खबर नव्यावर मात करू नये म्हणून प्रत्येक खबरीला अनुक्रमांक देत. क्रमांक ० ते ६३, मग पुन्हा ०. घड्याळासारखं वर्तुळ असल्याने 'नंतरचा कोण' हे अंतरावरून ठरे: मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक ३२ पर्यंत असेल तर मोठा नंतरचा, त्याहून जास्त असेल तर आकडे फिरून आले असं समजून लहान नंतरचा. त्या दिवशी बिघडलेल्या मेमरीने काही बिट गाळले आणि एकाच आयएमपीच्या नावाने तीन खबरी एकदम फिरू लागल्या: क्रमांक ८, ४० आणि ४४. नियम लावून बघा. ४० हा ८ नंतरचा. ४४ हा ४० नंतरचा. आणि ४४ व ८ यांत ३६ चा फरक, म्हणजे ८ हा ४४ नंतरचा! तिन्ही खबरी एकमेकींहून नव्या. प्रत्येक राउटर आलेली खबर नवी समजून इमानेइतबारे पुढे पाठवी, मग तिच्याहून नवी येई, मग आणखी नवी. सगळी यंत्रं नियमाप्रमाणे वागत होती आणि खबरींच्या या चक्रापलीकडे त्यांना दुसरं काही करायला फुरसतच उरली नाही. शेवटी त्या एका आयएमपीच्या खबरी फेकून द्यायच्या, असा जोड प्रत्येक यंत्रात घालावा लागला, तेव्हा जाळं मोकळं झालं.

रॅडिया पर्लमन यांनी १९८३ साली यावर उपाय मांडला. त्यांची अपेक्षा मोठी होती: जाळ्यात कसलाही कचरा शिरो, बिघडलेलं यंत्र बाजूला काढलं की माणसाचा हात न लागता जाळ्याने स्वतःच ताळ्यावर आलं पाहिजे. पुढे त्यांचा ठसा असलेल्या आयएस-आयएस या पद्धतीत खबरींचे क्रमांक वर्तुळात फिरवण्याऐवजी सरळ रेषेत वाढत नेले आणि प्रत्येक खबरीला आयुष्यही नेमून दिलं. मुदत संपली की ती सगळीकडून पुसली जाते. क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटींच्या घरात संपणारा. तो संपलाच, तर राउटरने जवळपास २१ मिनिटं गप्प राहायचं, जुनी खबर सर्वांकडून पुसली जाऊ द्यायची आणि मग पुन्हा १ पासून सुरुवात करायची, असा नियम आहे. दर सेकंदाला एक खबर सोडली तरी तिथवर पोचायला १३६ वर्षं लागतात.